घरी परतलेल्यांचा दिवस

बाबा, यंदा संक्रांतीला सोनागिरीत माजी सैनिकांचा सत्कार होता. तुमच्या माघारी तुमच्या नावाची शाल घ्यायला मला बोलावलं होतं. शेजारच्या खुर्चीवर एक म्हातारे सुभेदार बसले होते. त्यांना मी विचारलं, हा सोहळा नेमका आजच का, या तारखेला एखादी लढाई जिंकली होती का? ते हसले. "नहीं बेटी. फौज के पहले हिंदुस्तानी मुखिया इसी दिन रिटायर हुए थे. यह लड़ाई का नहीं, वर्दी उतारने का दिन है."

तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय. वर्दी उतरवून तुम्ही घरी आलात, तो दिवस तुम्हाला कसा गेला असेल? मला माझी बाजू तेवढी ठाऊक आहे. आई एका कारखान्याच्या शाळेत शिकवायची, म्हणून तिथल्या वसाहतीत आपलं क्वार्टर. मी पहिलीत. दारात ट्रंक घेऊन एक माणूस उभा आहे. मी आत वळून सांगते, "आई, कुणी काका आलेत." तुम्ही मला दुरुस्त करत नाही. "आई कामात असेल तर थांबतो," म्हणता आणि पायरीवर बसता. आई कणकेच्या हातांनी बाहेर येते आणि मलाच रागावते. "अगं, बाबा आहेत तुझे." तुम्ही म्हणता, "असू दे. सुट्टीतला पाहुणाच होतो मी. होईल तिला सवय."

पुढे बरेच दिवस मी तुम्हाला काकाच म्हणायचे आणि तुम्ही ओ द्यायचात. मग कारखान्याच्या गेटवर तुम्हाला पहारेकऱ्याची नोकरी लागली. एकदा आईबरोबर मी डबा घेऊन आले, तर तिथल्या दुसऱ्या पहारेकऱ्याने विचारलं, "किसकी बिटिया हो?" मी तुमच्याकडे बोट दाखवलं. "ते माझे बाबा." तुम्ही लगेच डबा घेतला नाहीत. पाठ वळवलीत, टोपी काढून आतून पुसलीत, पुन्हा घातलीत, आणि मगच आमच्याकडे पाहिलंत. परत जाताना आईने माझा हात जरा घट्ट धरला होता.

लोक तुम्हाला सीमेवरचं विचारायचे. मला ते कधीच विचारावंसं वाटलं नाही. आमच्यात राहणं तुम्हाला कधीपासून आवडायला लागलं, एवढंच विचारायचं होतं. तुम्ही खोटं बोलत नव्हतात, म्हणून धीर झाला नाही.