ईशा कशाने झोपते

३ नोव्हेंबर, रविवार

आज परत कुकरची शिट्टी झाली आणि ईशा जागची हलली नाही. सुरुची माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, अगं सूनबाई, नात बापावर गेलीय! गिरीश लहानपणी फटाक्यांतसुद्धा घोरायचा. ती हसली नाही. कान तपासायला जेद्दाच्या मोठ्या इस्पितळात न्यायचं मनात धरून बसलीय. माझी अंगाई सुरू झाली की पोर डोळे मिटते, ती काय न ऐकता?

५ नोव्हेंबर

शेजारची पिलार आली. स्पेनची आहे, नवरा गिरीशच्याच रिफायनरीत. इथल्या हुफूफ गावचा खजूर आणला होता. मऊ होता म्हणून बरं, मला दात कुठायत. तर काय सांगत होते — मी ईशाला छातीशी धरून गात होते, पिलार ऐकत बसली. म्हणाली, आमच्याकडे अंगाईला 'नाना' म्हणतात. सुरुचीने मराठीत सांगितलं तेव्हा मला हसू आवरेना. आमच्या नानांनी, गिरीशच्या बाबांनी, जन्मात पाळण्याची दोरी धरली नाही! विचारलं, शब्द आला कुठून? कुणी म्हणतं अरबांकडून, कुणी म्हणतं त्याच्याही आधीचा. पण तिची आजी म्हणायची, तो मोठ्यांनी केलेलाच नाही, बाळाच्या तोंडून आलाय. बाळं आधी न-न-न करतात, त्यातला. आपलं 'निनी' पण तसंच असेल. काय छान वाटलं मला!

पिलार गेल्यावर सुरुची हळूच म्हणाली, "आई, आपली ईशा न-न करत नाही."

६ नोव्हेंबर

जेवण गेलं नाही.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

सुरुची म्हणाली, आज पाळण्यात ठेवून गा, हात लावू नका. गायले. मोठ्याने गायले. ईशा पंख्याकडे बघत रडत राहिली. मग राहवेना, उचलून छातीशी धरली. गात होते का रडत होते कोण जाणे, पण पोर लगेच निजली. दोघींनी पाहिलं. मीच म्हटलं, "जेद्दाची वेळ घे."

१३ नोव्हेंबर

दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. पुढे मशीन बसवता येईल म्हणाले डॉक्टर. आता मी गायचं कुणासाठी?

१५ नोव्हेंबर

परवापासून नुसती थापटतेय. आज ईशाने माझ्या गळ्यावर, गाताना थरथरतं तिथेच, तळवा टेकवला आणि वाट बघत राहिली.

गायले.