एक दिवस चालणं, एक दिवस पथ्य

२ एप्रिल १९६१. वेंगुर्ले.
दवाखान्यात जाऊन आलो. डॉक्टर म्हणजे श्रीपाद, माझ्या चौथीतला. दोन कडवी धड पाठ होत नसत, आता मला पथ्य पाठ करायला सांगतो. लघवी निळ्या औषधात उकळली. साखर नसली तर निळंच राहतं म्हणे. माझ्या नळीत विटकरी रंग. मला बंदरावरचा सूर्यास्त दिसला, त्याला साखर. तीस तारखेला डोळ्यांचं शिबिर आहे. साखर उतरली नाही तर सर्जन मोतीबिंदूला हात लावणार नाही, जखम भरत नाही म्हणे.
जुनी क्रमिक पुस्तकं काढून बसलो. कुठलं कितवीचं ते हाताला कळतं. आतली कविता दिसत नाही. पाठ आहेत, पण पाठ असणं आणि पानावर भेटणं वेगळं. ही वहीसुद्धा मोठ्या अक्षरात, पानाला आठ ओळी अशी लिहितो.

३ एप्रिल.
श्रीपादचं लेक्चर: नुसतं कमी खाल्लं तर वजन उतरतं, पण मांसही झडतं, मग साखर जाळणार कोण? नुसतं चाललं तर जेवण ते भरून काढतं. म्हणून दोन्ही रोज, एकत्र. बत्तीस वर्षं शाळेचं टाइमटेबल मी केलं. एकाच तासाला गणित आणि कविता घेत नाहीत. ठरलं. विषम तारखेला चालणं, सम तारखेला पथ्य. श्रीपादला सांगितलं नाही. नवा विचार त्याला झेपत नाही.

४ एप्रिल.
पथ्य. भात नाही, मासे नाहीत. म्हणजे उपासच की. गुळातली रताळी, वरीचे तांदूळ, चार केळी. आमच्या कुटुंबाने, कावेरीने, विचारलं, हे पथ्य कोणी सांगितलं? म्हटलं, देवाला चालतं ते श्रीपादला चालेल. बायकांना शास्त्र समजावणं कठीण. अशक्तपणामुळे दिवसभर पडून.

५ एप्रिल. सकाळी ६.
मंदाक्रांता म्हणत चाललो. संथ वृत्त. यती आला की थांबायचं. वृत्त मोडून धावायला मी टपालवाला नव्हे. शेवटचा यती भिकाजीच्या हॉटेलात. आज पथ्याचा वार नाही, सबब उसळ-पाव आणि गूळ-आल्यात घोळलेला पावशेर खाजा. आल्याचा काय तो वास! शाळेतली जत्रेची सुट्टी आठवली.

९ एप्रिल.
दाऊद भेटला. काथ्याचा व्यापारी. त्यालाही मोतीबिंदू, त्यालाही साखर, शिबिराच्या यादीत आमची नावं एकाखाली एक. अर्धी भाकरी खातो आणि रोज दाभोलीच्या चढापर्यंत जाऊन येतो. मान खाली, घामाघूम, तोंडात एक ओळ नाही. घाण्याच्या बैलालाही जमेल. माझी योजना सांगितली. म्हणाला, "मास्तरांनू, होडयेतला पाणी आज उपसूचा आणि भोक उद्या बुजवचा, मगे होडी ऱ्हवतली खंय?"
उपमा बरी. माणूस सामान्य.

१४ एप्रिल.
काजूच्या कारखान्यातल्या काट्यावर वजन केलं. १६८ चे १६३ रत्तल! बंडी सैल झाली. विजयी मुद्रेने दवाखान्यात गेलो. नळी पुन्हा विटकरी. श्रीपाद म्हणाला, गुरुजी, पोट जाग्यावर आहे, गेलं ते मांड्यांचं. हात न टेकता खुर्चीवरून उठून दाखवा. मी असल्या कसरती करत नाही. दाऊद तीनच रत्तल उतरला, त्याची नळी हिरवी. त्याच्या वाट्याचं औषध ताजं असणार.

२१ एप्रिल.
विषम तारीख, पण ऊन फार. चालणं रद्द. पथ्याचा दिवस नाहीच. दोन हापूस. तिसरा लहान होता.

२६ एप्रिल.
पथ्य. रताळी संपली, कावेरी आणत नाही. फणसाचे गरे. ते फळच.

२९ एप्रिल.
श्रीपादचं समाधान म्हणून दोन्ही एकाच दिवशी केलं. नुसतं पाणी पिऊन दाभोलीचा चढ. अर्ध्यावर डोळ्यांपुढे काळोख, रस्त्यातच बसलो. दाऊद मागून आला, दंडाला धरून घरी पोचवलं. दोन्ही एकत्र केल्यास काय होतं ते आता सिद्ध झालं.

३० एप्रिल.
शिबिर. दाऊदची नळी निळी. तसा निळा रंग मला पहिल्यापासून नीरस वाटतो. सर्जनने माझी नळी उजेडात धरली आणि यादीतल्या माझ्या नावावर रेघ मारली. म्हणाला, पुढच्या वर्षी या. वय काय असावं त्याचं? पस्तीस.

१४ मे.
दाऊदची पट्टी निघाली, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा आला. आमच्या ओटीवर आला, माझं तिसरीचं पुस्तक उघडलं आणि मोठ्याने वाचू लागला. ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. तीन ठिकाणी सुधारला. चौथ्या ठिकाणी मलाच शब्द आठवेना. तो थांबला, पानावर बोट ठेवून म्हणाला, "हय आसा मां, मास्तरांनू." पान माझ्यापुढे धरलं. मला पांढरं दिसलं.

२ जून.
हे अक्षर कावेरीचं. मला ओळ सापडत नाही, म्हणून मी सांगतो ते ती लिहिते. योजना मुळात उत्तम होती, हे वाक्य लिहायला ती तयार नव्हती. मी आग्रह धरला. दोष काळाचा, हवेचा आणि श्रीपादच्या प्राथमिक शिक्षणाचा. एवढंच.

मागची सगळी पानां मी वाचलंय. खाजासुद्धा. उद्यापासून साडेपाचाक उठूचा, आधी चालूचा, मगे अर्धी भाकरी. सम-विषम नाय. मी वांगडा, सोबतीक येतलंय.
काय लिवलंस इतक्या वेळ, म्हणून हे विचारतत. तुमी सांगलात तांच, म्हटलंय.