निळ्या शाईच्या खुणा

४ जून

आले एकदाची! टेकडीवरचं छोटंसं पांढरंशुभ्र हॉस्पिटल, माझ्या खोलीला बागेकडची खिडकी, आणि फरशीला मेणाच्या पॉलिशचा वास. कॉन्व्हेंटच्या लांब व्हरांड्यात असायचा, अगदी तोच. क्षणभर वाटलं, कोपऱ्यावरून सिस्टर येतील आणि माझी कॉलर नीट करतील.

निघताना भाऊ म्हणाला, या वयात कसली नोकरी, महिनाभरात परत येशील. वहिनी म्हणाली, येऊ दे की, तोवर तिच्या खोलीत माझं शिवणाचं मशीन राहील. हसून म्हणाली, पण मशीन आदल्या दिवशीच दाराशी आणून ठेवलं होतं. आता मी काही परत जायची नाही.

काम माझ्याजोगं आहे. इथे फक्त बिघडलेली नाकं दुरुस्त करतात, म्हणजे एकदा ऑपरेशन होऊन बसकी किंवा वाकडी झालेली. पेशंटला डॉक्टर ‘पाहुणे’ म्हणतात. पाहुण्यांचा हात हातात घेऊन मी त्यांना पर्याय समजावायचे. नाकाला नवा आधार द्यायला कूर्चा लागते, कानाच्या वरच्या कडेला हाताला लागतं ते लवचीक हाड. ती नाकाच्या आतल्या पडद्यातून घेतात, कानातून घेतात, नाहीतर बरगडीच्या टोकाची. स्वतःची संपली असेल तर दुसऱ्याची. ती कुठून येते, असं मी विचारलं. तिची सोय आहे, डॉक्टर म्हणाले, आणि माझ्या अक्षराचं कौतुक केलं.

७ जून

स्वयंपाकीणबाईंना मी डोळ्यांसमोर नको असते. भर उकाड्यात कान झाकून रुमाल बांधतात आणि माझ्याच वाटीत मूठभर मीठ ओततात. सूप तोंडात धरवेना, तसं हळूच बोलले, तर म्हणाल्या की मडमेला जमत नसेल तर गेट उघडंच आहे. काल आणि आज माझं अंथरूण ओलं होतं.

माळीबुवा बरगडीवर हात दाबून, एका अंगाला कलून चालतात. मी गुड मॉर्निंग म्हटलं की थुंकतात. आज स्वतःहून एवढंच बोलले, की संध्याकाळची बस आहे, सामान मी उचलतो.

मी त्यांचं काय वाकडं केलंय? रडू आलं. पण वहिनीचं मशीन आठवलं आणि डोळे पुसले.

११ जून

नवीन पाहुण्या बाई आल्या आहेत. तीन ऑपरेशनं झालेली. नाकाचा मधला भाग खचलाय आणि श्वास तोंडाने घेतात. पडदा संपला, दोन्ही कान वापरून झाले, बरगडीचा तुकडा बसवला तो आत वाकला. मी पर्याय सांगू लागले तर खेकसल्या, की पाठ आहेत मला, पुढचं बोला. मग माझ्याकडे बघतच राहिल्या. डॉक्टरांना म्हणाल्या, हिच्यासारखं करून द्या.

माझं नाक आईचं आहे. आई गेल्यावर आरशात तेवढीच उरली. त्यामुळे मला, कबूल करते, फार बरं वाटलं. बाईंनी बोटांनी चाचपून पाहिलं, जरा जोरातच. डॉक्टरांनी नमुना म्हणून माझ्या नाकावर आणि कानांवर निळ्या शाईच्या खुणा केल्या. आम्ही हसलो.

संध्याकाळी आईचा फोटो लावायला माळीबुवांना खिळा ठोकायला सांगितलं. त्यांनी विचारलं, म्हणजे राहणारच का? म्हटलं, कायमची. ते हातोडी घेऊन बराच वेळ खाली बसून राहिले.

१२ जून

शाई जात नाही. साबण झाला, लिंबू झालं.

आज सूप छान होतं. अंथरूण कोरडं, उन्हाचा वास असलेलं. स्वयंपाकीणबाई मला ताई म्हणाल्या, वरून अंडंही वाढलं. माळीबुवांनी उशाशी गुलाब ठेवला. ते शीळ घालत होते.

मला आनंद व्हायला हवा. होत नाही.

१३ जून, सकाळ

डॉक्टरांनी ऑपरेशनच्या खोलीसाठी चादरींना इस्त्री करायला सांगितली. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी शिकवल्यासारख्या, कोपऱ्याला कोपरा लावून घड्या केल्या. मग लक्षात आलं, दोन चादरी आहेत. टेबलंही दोन. पाहुणी तर एकच —

दुपार

भांडी घासताना स्वयंपाकीणबाईंचा रुमाल सरकला. खाली कान नाहीत. सपाट कातडी, बारीक टाके.

त्यांनी रुमाल पुन्हा बांधला. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, मीठ घातलं, गादी भिजवली, तुला हाकलायला मी काय कमी केलं? तरी गोचिडीसारखी चिकटलीस. इथे नवीन माणूस राहिलं की जुन्यांची सुटका. तू आली नसतीस तर परत माळ्याचीच बरगडी होती. आता मला बोल लावायचा नाही.

गेटला कुलूप. किल्ली माळीबुवांकडे. सामान उचलतो म्हणणारा माणूस — मान वर करेना.

फोन फक्त डॉक्टरांच्या खोलीत. लागला. वहिनीने उचलला, माझा आवाज ऐकून हसली. म्हणाली, इतक्यात? खोली आता रिकामी नाही हं. मी ओरडले, भावाला दे — मागून डॉक्टरांचा हात आला. त्यांनी अगदी सौम्यपणे वहिनीला सांगितलं की ताई इथे रुळल्यात.

१४ जून

नाश्ता नाही. पाणीही नाही. ऑपरेशनच्या सकाळी काही द्यायचं नाही, पाहुण्यांना मीच सांगते —

दार बाहेरून बंद.

आरसा काढून नेलाय. बोटांनी चाचपतेय. आहे. अजून आहे.

फोटो नाही. खिळा आहे, आई नाही. पलीकडून डॉक्टर सांगताहेत, थोडा वर लावा, दोन्ही टेबलांवरून दिसला पाहिजे —

पाहुण्या बाई विचारताहेत, सगळंच घेणार ना? अर्धवट नको —

कडी वाजली. स्वयंपाकीणबाई, हातात टोपी. केस आत घ्या ताई, म्हणतात. माझा हात हातात घेतलाय. मी पाहुण्यांचा घेते तसाच —

आई, तुझं ना