शिट्टी व्हायच्या आधी

आई गं,

दुपारचे तीन वाजलेत. रेवा झोपलीय, बाबा त्यांच्या खुर्चीत आहेत, आणि मी इतकी दमलेय की रडायचाही कंटाळा येतोय. पण तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. काल रेवाची तपासणी पूर्ण झाली. तिला ऑटिझम आहे.

तू जाऊन आठ महिने झाले. ही बातमी सगळ्यात आधी तुला सांगायची होती. खरं तर तुला कळलंच होतं, नाही का?

दोन वर्षांची होती ती. नया बाजारातल्या तुझ्या स्वयंपाकघरात डब्यांची झाकणं ओळीत लावत बसायची. तू म्हणालीस, "नंदू, हाक मारली तर वळत नाही गं ही. पण लांबून बँड वाजला तरी कान झाकते. काही हवं असलं तर बोट दाखवत नाही, माझा हात धरून ओढत नेते. तुझ्या बाबांवर गेलीय पोर." केवढी चिडले होते मी! "माझ्या मुलीत खोट काढू नकोस," म्हणाले. तू गप्प बसलीस. का बसलीस गं? एरवी आमटीतल्या मिठावरूनही माझ्याशी वाद घालायचीस!

मग तिला शाळेत घातलं, आणि आमच्या दर्पण कॉलनीत जो तो डॉक्टर झाला. "घर में मराठी, बाहर हिंदी, बच्ची कन्फ्यूज हो रही है." मला ते पटलं, कारण ते सोपं होतं. भाषा बदलली की मुलगी बोलणार! मी फर्मान काढलं, रेवाशी फक्त हिंदीत बोलायचं. तूसुद्धा.

तू ऐकलंस. भाजीवाल्याशी भांडायला तुझ्याकडे फर्डी हिंदी होती, पण लाड करायला नव्हती. "आ जा बेटा" म्हणायचीस ते पाहुण्यांच्या मुलीला म्हणावं तसं. हळूहळू तेही थांबलं. मुरार भागातल्या शाळेत शिकवून मी तिला न्यायला यायचे, तर तू तिच्या केसांना तेल लावत असायचीस आणि दोघी मुक्या. ते मी केलं, आई.

काल तपासणाऱ्या बाईंना मी भीतभीत विचारलं. त्या म्हणाल्या, "दो भाषाओं से ऑटिज्म नहीं होता. घर में मराठी ही बोलिए ना, आराम से." एवढंच!

मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कोणी असं आहे का? मी बाबांबद्दल सांगत सुटले. पंगतीतून अर्ध्यावर उठून जाणारे, वरण भाताला लागलं की ताट सरकवणारे बाबा. सगळे त्यांना घमेंडखोर म्हणायचे, मीही. बाई म्हणाल्या, न भेटता काही सांगता येणार नाही, घेऊन या. या वयात येतील का गं ते? अजून विचारलेलं नाही.

तू मात्र चाळीस वर्षं त्यांची वरणाची वाटी ताटाबाहेर ठेवलीस. कुकर चढवलास की मोठ्याने सांगायचीस, "आता शिट्टी होणार हं." ते बाबांसाठी असायचं, म्हणून माझ्या फर्मानातून तेवढं मराठी सुटलं. तू गेल्यावर बाबांना मी इकडे आणलं. मी कुकर लावला की ते बाल्कनीत जाऊन उभे राहायचे. आठ महिने मला वाटत होतं, रुसलेत.

आज सकाळी मी कुकर लावला. रेवा दारात उभी होती. दोन्ही कानांवर हात ठेवून, अगदी तुझ्या सुरात म्हणाली, "आता शिट्टी होणार हं."

आई, पाच वर्षांची झाली ती. मी तिच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं पूर्ण वाक्य!

आतल्या खोलीतून बाबा म्हणाले, "बरं." तुला म्हणायचे तसंच. आणि उठले नाहीत.

माफी मागून आता काय उपयोग? मी फार थकलेय, मोठमोठी वचनं देणार नाही. रेवाशी मराठीत बोलेन, ती उत्तर देवो न देवो. आणि या घरात शिट्टी व्हायच्या आधी मी सांगत जाईन, दोघांनाही.

तुझी,
नंदू