बुलेटच्या पाइपवरचा पोचा

चामटोली, शुक्रवार, १९८९

पंपाचं डिझेल इंजिन आप्पांच्या जुन्या बुलेटमध्ये बसत नाही. चूक माझीच, माप घेताना इंजिनाखालची तेलाची टाकी धरलीच नाही. उल्हासनगरचा वेल्डर लच्छूभाई म्हणाला, "आगे का पाइप काटना पडेगा." पण पोचा सांगाड्याच्या त्याच पुढच्या पाइपवर आहे, बारवीच्या उतारावर आई-आप्पा गाडीवरून पडले तेव्हाचा. आप्पांनी तो कधी ठोकून काढू दिला नाही. आप्पांना विचारायचं कसं? पेट्रोल परवडत नाही म्हणून काय गाडी गंजू द्यायची? ते व्हायचं नाही. कापणारच.

जेवायच्या आधी सांगायचं ठरवून अंगणात गेलो, तर पाइपवर खडूची रेघ. आप्पांनीच मारलेली. मान वर न करता म्हणाले, "हिच्या खाली काप."

पोचा रेघेच्या वर राहिलाय. उद्या करवत खालीच चालेल.