कोरी सरी

कुरुंदा,
१४ जानेवारी २०२५

चि. सृष्टी हिला आबाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

संक्रांतीचा तिळगूळ तुझ्या आईनं कालच कुरिअरनं धाडला. फोनवर बोलू असं तू म्हणतेस, पण तुझा आवाज मला भिंतीपलीकडून आल्यासारखा येतो. कागदाला कान लागत न्हाईत, म्हणून कागदच बरा.

सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याला पाणी सुटलं आहे. हळदीचा पाला पिवळा पडू लागला, महिन्याभरात काढणी. ऑगस्टातलं ते कात्रण अजून बैठकीत लावलेलं आहे. ‘कुरुंद्याच्या लेकीने शोधले कंपवातावर औषध.’ आल्यागेल्याला तुझी आजी शालूबाई आधी ते दाखवते, मग पाणी देते. शेजारचा कोंडीबा रोज विचारतो की औषध आलं का. मी सांगतो, येऊन राहिलं.

तुझं मागचं पत्र म्हणजे तलाठ्याचा पंचनामा होता. जेवतेस का, झोपतेस का, काहीच न्हाई. माझं अक्षर बारीक आलं तर सांभाळून वाच. हात सुरुवातीला बराबर चालतो, मग आखडतो.

तुला आमच्याबद्दल लोभ आहे हे धरून चालतो, तू काही लिहीत न्हाईस.

तुझा आबा,
उकंडराव

*

बंगळुरू,
२ फेब्रुवारी २०२५

ती. आबांना सा. न. वि. वि.

पत्र आणि तिळगूळ २१ तारखेला मिळाले. जेवण वेळेवर होतं. झोप साधारण सहा तास.

बातमीतला ‘औषध’ हा शब्द पत्रकाराचा आहे. बाहेरून आलेला निरोप पेशीच्या आत पोहोचवणारी प्रथिनांची एक साखळी असते. त्यातलं एक प्रथिन थांबवलं तर उंदराच्या मेंदूतल्या मरू घातलेल्या पेशी वाचतात, असं आम्हाला दिसलं होतं. त्यापासून औषधापर्यंतचं अंतर मोठं आहे. सध्या ते काम पुन्हा तपासणं चालू आहे. कोंडीबांना इतकंच सांगावं.

नांदेडच्या डॉक्टरांनी दिलेल्या कंपवाताच्या गोळ्या वेळेवर चालू असतील असं धरते. काढणीच्या वेळी वावरात फार वेळ उभं राहू नये.

आजीला नमस्कार. घरच्या आठवणीत मी असू द्यावी.

आपली,
सृष्टी

*

कुरुंदा,
१८ मार्च २०२५

चि. सृष्टीला आशीर्वाद, वि. वि.

हळद निघाली. शिजवून वाळत घातली आहे, अंगणात पाय ठेवायला जागा न्हाई. उत्तराला उशीर झाला, कारण हे पत्र मी चार दिवस लिहून राहिलो. रोज चार ओळी, मग हात संपतो.

गोळ्या चालू असतील असं तू धरलंस. तसं धरू नको. तुला सांगायचं नव्हतं, पण आता सांगतो. तू दहा वर्षांची असताना वावरात तुला दाखवलं होतं, नवं खत आलं की आपण सगळ्या रानाला देत न्हाई. एक सरी कोरी ठेवतो. तिला खत न्हाई, फवारा न्हाई. काढणीला दोन्ही सऱ्यांचे गड्डे शेजारी ठेवले की कळतं, गुण खताचा की नुसत्या पावसाचा. तू तेव्हा विचारलं होतंस की त्या सरीला काहून उपाशी ठेवायचं.

आता तुझं औषध येणार. अंगात नांदेडच्या गोळ्या भिनलेल्या असल्या तर गुण कोणाचा ते तुला कसं कळावं? म्हणून कात्रण आलं त्याच्या पुढच्या महिन्यापासून मी सरी कोरी ठेवली. शालूबाई गोळी हातावर ठेवते, मी गालात धरतो, ती वळली की पानाच्या डब्यात. तिला सांगू नको, घर डोक्यावर घेईल. तकलीफ आहे, पाय जमिनीला चिकटल्यागत होतात. पण तुझ्या कामाला असा कोरा माणूस दुसरा कोण देणार?

औषध कधी आणतेस तेवढं लिही. प्रेम आहे तसं ठेव.

तुझा आबा,
उकंडराव

*

बंगळुरू,
२७ मार्च २०२५

ती. आबांना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र काल दुपारी मिळालं. वाचून लगेच बाबांना फोन केला. तेव्हा कळलं की सोमवारी सकाळी हळद उलटवताना तुमचे पाय अडकले, तुम्ही पडलात, खुब्याचं हाड मोडलं आणि मंगळवारी नांदेडला शस्त्रक्रिया झाली. माझ्या कामात व्यत्यय नको म्हणून मला कळवलं नव्हतं. गोळ्यांचं मी बाबांना सांगितलं आहे, त्यांनी डॉक्टरांना. त्या डॉक्टर सांगतील त्याच मात्रेत पुन्हा सुरू होतील. कृपा करून गिळाव्यात.

पुढचं बाबा तुम्हाला वाचून दाखवतील, पण ते माझ्याकडून कळायला हवं. औषध नाही. येणारही नाही.

आम्ही ते प्रथिन ओळखायला एक रसायन वापरत होतो. ते प्रथिनाला चिकटतं आणि सूक्ष्मदर्शकाखाली हिरवं चमकतं. सहा वर्षं मी ती चमक मोजली. नोव्हेंबरमध्ये, ज्यांत ते प्रथिन मुळातच नाही अशा पेशी मिळाल्या. त्यांवर तेच रसायन टाकलं. त्याही तितक्याच चमकल्या. म्हणजे ते भलत्याच प्रथिनाला चिकटत होतं. ही तपासणी पहिल्या वर्षी करायची असते. मी रसायनाच्या बाटलीवरच्या कागदावर विश्वास ठेवला. तुम्ही माझ्या दहाव्या वर्षी शिकवलेली कोरी सरी मी ठेवलीच नव्हती.

ज्याची बातमी झाली तो शोधनिबंध आम्ही मागे घेतला आहे. फेब्रुवारीत तुम्हाला लिहिताना हे मला माहीत होतं. ‘तपासणं चालू आहे’ असं मी लिहिलं. ते खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं.

कात्रण काढून टाकावं.

आपली,
सृष्टी

*

कुरुंदा,
२० एप्रिल २०२५

चि. सृष्टीला आशीर्वाद, वि. वि.

हे पत्र मी सांगतो आणि तुझा बाप विश्वंभर लिहून राहिला. शुद्धलेखनाच्या चुका त्याच्या, बाकीच्या माझ्या.

परवा घरी आणलं. चार पायांचा वॉकर आहे, तो धरून पलंगापासून दारापर्यंत जातो. गोळ्या चालू आहेत. शालूबाई आता तोंड उघडायला लावून जिभेखाली पाहते, जनावराचे दात पाहावेत तशी. ती म्हणते, प्रयोग नातीचा आन् हाड माझ्या नवऱ्याचं, हा कुठला न्याय? मी म्हणालो, प्रयोग माझाच होता. सृष्टीला विचारलं कोणी होतं? डॉक्टर म्हणाले, वावरात जाणं आता विसरा. या साली मे महिन्यात लागवडीला बेणं मी निवडणार न्हाई. चोपन्न वर्षांत हे पहिल्यांदा.

तुझं काम चुकलं त्याचं दुःख मानू नको. माझंही पीक सहा-सहा वर्षं चुकलेलं आहे. कात्रण मी काढलं न्हाई. कोंडीबाला मात्र सांगून टाकलं. तो म्हणाला, मग आता कोणाला विचारायचं?

एकच विचारतो. विश्वंभरनं सांगितलं की चूक सापडली त्याच आठवड्यात तू त्या छापणाऱ्या मासिकाला कळवलंस. चांगलं केलंस. मग मला कळवायला चार महिने काहून लागले? मासिकात कोण गोळ्या थुंकून बसलं होतं?

राग न्हाई. उत्तर पाहिजे. माया कमी झाली असं समजू नको.

तुझा आबा

*

बंगळुरू,
२८ एप्रिल २०२५

ती. आबांना सा. न. वि. वि.

उत्तर लिहिते.

मासिकाला कळवणं सोपं होतं, त्यासाठी ठरलेला नमुना असतो. तुमच्यासाठी नव्हता. आणि बैठकीत ते कात्रण आहे हे मला आवडत होतं. माझ्या कामाबद्दल बोलणारी ती एकच जागा होती. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही.

दुसरी गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, ती सांगते. कंपवातात गोळ्या थांबल्या तर माणसाचं अक्षर ओळीगणिक बारीक होत जातं. हे माझ्या विषयाच्या पहिल्या प्रकरणात आहे. तुमचं ऑक्टोबरचं पत्र मी पट्टीनं मोजलं होतं. पहिल्या ओळीतलं अक्षर पाच मिलिमीटर, शेवटच्या ओळीतलं साडेतीन. जानेवारीचं चार आणि दोन. तुम्ही गोळ्या सोडल्या असाव्यात हे मला २१ जानेवारीला सुचलं. वहीत तशी नोंद आहे, पुढे प्रश्नचिन्ह आहे. दोन मोजमापांवरून काही ठरवू नये असा आमचा नियम आहे, म्हणून मी बाबांना फोन केला नाही. तुम्हालाही सरळ विचारलं नाही. तिसऱ्या पत्राची वाट पाहिली.

ते यायला नऊ आठवडे लागले. तेही मोजलं. पहिली ओळ तीन, शेवटची एकला थोडी कमी. माझा अंदाज बरोबर होता.

लोभ असावा असं या वेळी मागत नाही. नमस्कार.

आपली,
सृष्टी