दुर्गेशनं खाल्लेलं रेडियम

चि. बाबारावले थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. तुझे गुडघे बरे असावेत, त्यांच्याशी काम आहे. फोनवर तुले ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र. मी सांगून राहिली अन् तुझा भाचा दुर्गेश लिहून राहिला. (हा पेन दाबून लिहिते, म्हणजे रागात आहे.)

तर आपली रितिका, याची पोरगी, जड अणूंच्या केंद्रकाचे आकार शिकून राहिली. केंद्रक म्हणजे अणूच्या पोटातला गाभा. मले वाटलं, गाभा म्हटला की गोल. तर नाही गा. शिशाचा गोल, युरेनियमचा परवलासारखा लांबट, अन् रेडियमचा नासपतीसारखा, एकीकडून फुगलेला. (तो तसा काहून, विचारलं, तर म्हणते, आजी, तेच तर शोधायचं आहे.) दिल्लीच्या प्रयोगशाळेची मुलाखत कॉम्प्युटरवर होती. आकार दाखवता यावे म्हणून मी बेसनाचे तीन लाडू तसेच वळून ताटलीत ठेवले.

आता दुर्गेशचा धंदा तुले माहीत आहे. संत्री छाटताना बेढब फळ बाजूले काढते अन् घरी आणून खाते. त्यानं ताटली पाहिली, नासपती उचलली अन् सवयीनं तोंडात टाकली. इकडे मुलाखत सुरू, तिकडे रेडियम याच्या पोटात. मी उरलेल्या बेसनाचं दुसरं वळत वळत थेट पडद्यासमोर जाऊन उभी. साहेबांनी विचारलं, या कोण? रितिका म्हणे, माझ्या सहकारी. निवड झाली.

अन् आता हा म्हणते, गाभ्याचे आकार पाहायले पोरगी दिल्लीले काहून पाठवू? तीस वर्षं ज्यानं संत्र्याचे आकार पाहिले, तो हे विचारून राहिला. (थांबला काहून? लिही.) पोरगी सोमवारी जाईल. याले आवडो की नावडो.

तुझी देवकी (अंगठा)

ता.क. मले अक्षर येत नाही, यानं काय लिहिलं देव जाणे. म्हणून रविवारी उमरेडहून पहिली बस धर, हे पत्र आण अन् सगळ्यांसमोर मोठ्यानं वाच. मामाचा शब्द हा मोडत नाही.

ता.क. मामा, आई चहा ठेवायले उठली म्हणून लिहितो. एकही शब्द गाळला नाही. रितिकाचं सोमवारचं तिकीट मी कालच काढलं, सोबत माझंही. तोंडानं सांगायले जमत नव्हतं. हे सगळ्यात शेवटी वाचा, तोवर आईले भांडू द्या. दुर्गेश.